उत्तर बरोबर, रीत अपुरी

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्झ मेसेर्ली या हृदयरोगतज्ज्ञांचं एक टिपण छापून आलं. कुठल्या देशात माणशी किती चॉकलेट खाल्लं जातं आणि लोकसंख्येच्या मानाने त्या देशाच्या वाट्याला किती नोबेल पारितोषिकं आली, या दोन आकड्यांची त्यांनी २३ देशांसाठी जोडी लावली होती. सहसंबंधाचा गुणांक आला ०.७९१. (हा गुणांक १ असेल तर दोन आकडे तंतोतंत बरोबरीने वाढतात, ० असेल तर मेळ नाही, उणे १ असेल तर एक वाढला की दुसरा घटतो.) स्वित्झर्लंड दोन्हीकडे आघाडीवर. टिपण मिश्किलपणे लिहिलेलं होतं आणि बहुतेकांनी ते त्याच नजरेने वाचलं. काही वर्तमानपत्रांनी मात्र ‘चॉकलेट खा, हुशार व्हा’ थाटाच्या बातम्या केल्या. ते चालायचंच.

आता दुसरी जोडी घ्या. साल १९६२, देश २१. एका रकान्यात दर प्रौढ माणसामागे वर्षाला खपलेल्या सिगारेटी, दुसऱ्यात ३५ ते ६४ या वयोगटात दर लाखामागे हृदयधमन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांची ही जुनी, आवडती सारणी आहे. इथे गुणांक येतो ०.७३. हे ऐकून कुणी हसत नाही. ‘बरोबरच आहे, सिगारेट वाईटच’ म्हणून आपण मान डोलावतो आणि पुढे जातो.

आकड्यांपुरतं बोलायचं तर चॉकलेटची बाजू जरा वरचढच आहे. मग एकीकडे हसू आणि दुसरीकडे होकार, हा फरक आला कुठून? गणितातून तर नक्कीच नाही. तो आपण बाहेरून, आधीच खिशात घालून आणलेला असतो. हे लक्षात आल्यापासून ही सारणी मला चॉकलेटच्या टिपणापेक्षा जास्त धोक्याची वाटते. चॉकलेटचा निष्कर्ष खोटा असल्याने आपण रीत तपासतो. सिगारेटचा निष्कर्ष खरा आहे, म्हणून रीत तपासायची तसदी कुणी घेत नाही. शाळेत गणिताचे कडक शिक्षक असतात ना, शेवटचं उत्तर बरोबर असूनही मधल्या पायऱ्या नसल्या तर गुण कापणारे, तसं या सारणीकडे एकदा बघायला हवं.

सारणीच्या वरच्या टोकाला अमेरिका आहे: ३९०० सिगारेटी, २५६.९ मृत्यू. खालच्या टोकाला नॉर्वे: १०९० सिगारेटी, १३६.३ मृत्यू. आडव्या अक्षावर सिगारेटी, उभ्या अक्षावर मृत्यू, असे एकवीस ठिपके मांडले की डावीकडून उजवीकडे चढत जाणारा एक विस्कळीत पुंजका दिसतो. त्यातून सरळ रेषा काढायची. ठिपक्यांमधून रेषा अनेक काढता येतील, पण प्रत्येक ठिपका रेषेच्या किती वर किंवा खाली पडला ते अंतर मोजायचं, त्याचा वर्ग करायचा आणि या सगळ्या वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत कमी येईल ती पक्की करायची. लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी ही पद्धत छापली. १८०९ मध्ये गाउसने ‘मी तर ही १७९५ पासून वापरतोय’ असं जाहीर करून त्याचा विरस केला. धूमकेतूंसाठी घडवलेलं हत्यार दीडशे वर्षांनी सिगारेटवर चाललं.

या २१ देशांसाठी रेषा अशी येते: मृत्यू = १५.८ + ०.०६ × सिगारेटी. शब्दांत सांगायचं तर माणशी वर्षाला १०० सिगारेटी जास्त खपणाऱ्या देशात लाखामागे सुमारे ६ मृत्यू जास्त. रोजची एक सिगारेट वाढली तर सुमारे २२. (आणि शून्य सिगारेटी ओढणाऱ्या देशात १६ मृत्यू, असं म्हणण्याचा मोह होतो. पण शून्याच्या जवळपास फिरकणारा एकही देश सारणीत नाही, तेव्हा ते १६ मनात ठेवलेलेच बरे.) देशादेशांतल्या मृत्युदरांत जेवढा फरक आहे त्यातल्या ५३ टक्क्यांचा मेळ सिगारेटींच्या खपाशी बसतो. एका रकान्याच्या जोरावर अर्ध्याहून जास्त, म्हणजे आकडा वजनदार वाटतो.

पण मी एकदा या यादीतले वरचे चार देश झाकून पाहिले: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. उरलेल्या सतरा देशांतून काढलेल्या रेषेचा चढ ०.०६ वरून ०.०५ वर आला, म्हणजे फार बिघडला नाही. ५३ टक्क्यांचे मात्र २३ टक्के झाले. गंमत अशी की एकट्या अमेरिकेला वगळलं तर चढ जवळजवळ जागचा हलत नाही, कारण अमेरिका रेषेवरच बसलेली आहे. चौघं मिळून जातात तेव्हा मात्र फरक पडतो. हे चार देश नुसते जास्त सिगारेटी ओढणारे नव्हते. ते एकाच भाषेचे, बऱ्याच अंशी एकाच मुळाचे, मांस-लोणी भरपूर खाणारे, मोटारीतून हिंडणारे, मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिण्याची पद्धतही एकमेकांशी जुळणारी असलेले असे देश होते. संख्याशास्त्र त्यांना चार स्वतंत्र साक्षीदार मानतं. मला ते एकाच घरातले चौघे वाटतात, आणि घरच्यांची साक्ष कितीही जणांनी दिली तरी ती एकच साक्ष.

कुठले देश घ्यायचे हा प्रश्न त्याच काळात एका दुसऱ्या वादात जोरात गाजला होता. १९५३ मध्ये अमेरिकेतले संशोधक अँसेल कीज यांनी आहारातली चरबी आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा सहा देशांचा आलेख मांडला. ठिपके इतके नेटके बसले होते की ते बघूनच खात्री पटावी. १९५७ मध्ये येरुशाल्मी आणि हिलबो यांनी विचारलं की आकडे २२ देशांचे मिळत असताना सहाच का? बावीस घेतल्यावर संबंध उरला, पण तो नेटकेपणा गेला. कीज यांच्याबद्दल या एका आलेखावरून आजही बरंच टाकून बोललं जातं. मला ते पटत नाही. टीका झोंबल्यावर त्यांनी आलेखावर आलेख काढत बसण्याऐवजी १९५८ पासून सात देशांतल्या बारा हजारांहून जास्त पुरुषांची प्रत्यक्ष तपासणी सुरू केली. ठिपक्यांवरच्या वादातून माणसांपर्यंत जाणं, हे फार थोडे करतात.

कारण खरी गोम तिथेच आहे. देश सिगारेट ओढत नाही, माणूस ओढतो. छातीत कळ माणसाच्या येते. १९६२ च्या सारणीत एकही माणूस नाही. फिनलंडमध्ये मेलेले लोक सिगारेट ओढणारे होते की न ओढणारे, हे ती सारणी सांगूच शकत नाही. एखाद्या देशात ओढणारे सगळे ठणठणीत राहिले आणि न ओढणारेच मेले, तरी ठिपका तिथल्या तिथेच पडेल.

हे उगाच काढलेलं खुसपट वाटत असेल तर विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाचं १९५० सालचं उदाहरण बघा. १९३० च्या अमेरिकन जनगणनेतले आकडे त्याने घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी, गुणांक सुमारे उणे ०.५३. म्हणजे बाहेरून आलेले लोक जास्त शिकलेले? त्याच जनगणनेत माणूस-माणूस मोजला तर गुणांक निघाला अधिक ०.१२. बाहेरून आलेले लोक थोडे जास्त निरक्षर होते, फक्त ते जाऊन राहिले साक्षर राज्यांमध्ये. आकडे तेच, लोक तेच, आणि चिन्ह उलटं. समूहाचं गणित माणसाच्या माथी मारण्याच्या या चुकीला पुढे नावही मिळालं. पण नाव मिळाल्याने ती चूक थांबली असं काही दिसत नाही.

आता याच्या अगदी उलट्या टोकाचा माणूस. विसाव्या शतकातला सर्वांत मोठा संख्याशास्त्रज्ञ कोण, असं विचारलं तर बरेच जण रोनल्ड फिशरचं नाव घेतील. ठिपक्यांतून काढलेल्या अशा रेषेवर, म्हणजे रिग्रेशनच्या रेषेवर, किती विश्वास ठेवायचा हे ठरवण्याच्या ज्या कसोट्या आज कुठलंही सॉफ्टवेअर क्षणात काढून देतं, त्यांतल्या कितीतरी त्याच्या हातच्या. आयुष्याच्या अखेरीस हा माणूस सिगारेटची बाजू घेऊन उभा राहिला. तो स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू उत्पादकांचा सल्लागारही होता, हे सांगायलाच हवं. पण त्याचा मुद्दा टाकाऊ नव्हता. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग बरोबर चालतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही; माणसाला सिगारेटकडे ओढणारा आणि आजाराकडेही नेणारा एखादा आनुवंशिक गुण दोघांच्या मागे असू शकतो, असं तो म्हणत होता. एकसारखी जुळी भावंडं सिगारेटच्या सवयीत साध्या जुळ्यांपेक्षा जास्त सारखी असतात, हा पुरावाही त्याने पुढे केला. प्रत्येक पायरी रीतसर. उत्तर साफ चुकलेलं. ज्या १९६२ सालची आपली सारणी आहे, त्याच वर्षी तो अॅडलेडमध्ये वारला.

आपल्या सारणीला उत्तर बरोबर सापडलं पण पायऱ्या गाळलेल्या. फिशरच्या पायऱ्या चोख, उत्तर उलटं. या दोघांना शेजारी ठेवलं की मला थोडं अस्वस्थ व्हायला होतं. शंका घेणं ही हुशारी आहे असं आपण मानतो. फिशरइतकी तल्लख शंका फार थोड्यांनी घेतली असेल, आणि तंबाखूच्या कंपन्यांना तेवढंच हवं होतं.

फिशरला उत्तर मिळालं ते रेषेतून नाही. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना एक छोटी प्रश्नावली पाठवली: ओढता का, किती, कधीपासून. मग कोण कधी, कशाने मरतं याची नोंद ठेवत राहिले. ३४,४३९ पुरुष डॉक्टर, पन्नास वर्षं. २००४ मध्ये शेवटचा ताळा छापून आला तेव्हा सतत ओढणारे सरासरी सुमारे दहा वर्षं आधी गेलेले होते, आणि तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळपास सगळी वर्षं परत मिळवली होती. इथे ठिपका म्हणजे देश नव्हे, एक एक माणूस. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ जणांवर असंच काम चालू होतं, आणि तिथे तर नजर हृदयावरच होती.

हृदयाचं प्रकरण फुप्फुसाच्या कर्करोगापेक्षा कितीतरी अवघड होतं, ही गोष्ट बहुतेक कथनांतून निसटते. जेरोम कॉर्नफिल्ड या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये फिशरला फार सुंदर उत्तर दिलं होतं. सिगारेट ओढणाऱ्यांना कर्करोग नऊपट होत असेल आणि त्याचं खापर एखाद्या लपलेल्या गुणावर फोडायचं असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांमध्ये किमान नऊपट जास्त आढळला पाहिजे. असा गुण दाखवा. कुणी दाखवू शकलं नाही. पण हृदयविकारात ओढणाऱ्यांचे मृत्यू नऊपट नव्हते, जेमतेम दीड-दोनपट होते. दुप्पट आढळणारा गुण शोधायला काय लागतं? ताण, बैठं काम, आहार, दारू, कुठलाही चालेल. त्यामुळे ११ जानेवारी १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखाचा, गाजलेला अहवाल आला तेव्हा त्यात पुरुषांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाला सिगारेट कारणीभूत असल्याचं ठामपणे म्हटलं होतं, हृदयाच्या बाबतीत मात्र कारण सिद्ध झालेलं नाही असं लिहिलं होतं. आणि तरीही ओढणाऱ्यांमध्ये जे जादा मृत्यू होत होते त्यांत सर्वांत मोठा गठ्ठा हृदयविकाराचाच होता, कारण तो आजारच मुळात इतका पसरलेला. पट लहान, माणसं जास्त. हे कोडं पुरतं सुटायला आणखी बरीच वर्षं गेली.

सुटलं ते अनेक बाजूंनी. सिगारेटच्या धुराने रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट होतात, धमनीचं आतलं अस्तर दुखावतं, कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्त प्राणवायू कमी वाहून नेतं, हे प्रयोगशाळेत दिसलं. सोडणाऱ्यांचा जादा धोका एका वर्षात निम्म्यावर येतो, हे पाहणीत दिसलं. लपलेला आनुवंशिक गुण एका वर्षात कसा निम्मा होईल? आणि फिशरच्या जुळ्यांचं म्हणाल, तर फिनलंडमधल्या जुळ्यांच्या नोंदींत, एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा एकसारख्या जोड्यांमध्ये आधी मरणारा बहुतेक वेळा ओढणाराच निघाला.

माणसांपर्यंत पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र रेषेच्या मुळावरच येते. हृदयाच्या बाबतीत धोका सरळ रेषेत वाढतच नाही. २०१८ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला रोज वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्यापैकी जवळपास निम्मा धोका लागू होतो. आलेख सुरुवातीलाच उभा चढतो आणि मग वाकतो. ‘मी कुठे फार ओढतो, दिवसाला एखादी’ म्हणणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी आहे. पण आपल्या सारणीसाठीही ती तेवढीच वाईट आहे. दोन काल्पनिक देश घ्या. पहिल्यात प्रत्येक प्रौढ माणूस रोज पाच सिगारेटी ओढतो. दुसऱ्यात चारांतला एक जण वीस ओढतो आणि तिघं हातही लावत नाहीत. सरासरी दोन्हीकडे पाचच, आडव्या अक्षावर दोघांची जागा एकच. पण पहिल्या देशात सगळ्यांचीच हृदयं निम्म्याहून जास्त जादा धोक्यात आहेत, दुसऱ्यात फक्त चौथ्या हिश्श्याची. सिगारेटमुळे होणारे हृदयविकाराचे जादा मृत्यू पहिल्या देशात दुपटीहून जास्त भरतील. खपाची सरासरी हा फरक गिळून टाकते.

एवढं सगळं बोलल्यावर ही रेषा टाकूनच द्यावी का? मी टाकणार नाही. रेषा काय सांगते यापेक्षा ती कुठे चुकते, हे मला तिच्याकडून हवं असतं. डॉल यांनीच १९५५ मध्ये ११ देशांचा एक आलेख काढला होता, १९३० मधल्या सिगारेटी आणि १९५० मधले फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू. आजार पिकायला वेळ लागतो म्हणून सिगारेटी वीस वर्षं मागच्या घेतल्या, ही त्यातली शहाणी गोष्ट. तिथे अमेरिकेचा ठिपका रेषेच्या बराच खाली पडला. इतक्या सिगारेटी ओढून मृत्यू इतके कमी कसे? तेव्हा डॉल आणि सहकाऱ्यांनी चक्क सिगारेटींची थोटकं गोळा करून मोजली. अमेरिकन माणूस ब्रिटिश माणसापेक्षा बरंच लांब थोटूक फेकून देतो, असं दिसलं. सगळा उलगडा त्याने झाला नसेल, पण रस्त्यावर वाकून थोटकं उचलायला लावणारी चूक मला आवडते.

आपल्या १९६२ च्या सारणीतही असे ठिपके आहेत. ग्रीस: १८०० सिगारेटी, रेषेच्या मते १२४ मृत्यू, प्रत्यक्षात ४१.२. मेक्सिको: अंदाज ११७, प्रत्यक्षात ३१.९. आणि दुसऱ्या बाजूला फिनलंड: २१६० सिगारेटी, अंदाज १४६, प्रत्यक्षात २३३.१. अमेरिकेच्या निम्म्याहून थोड्याच जास्त सिगारेटी, आणि मृत्यू मात्र जवळजवळ अमेरिकेइतके. मेक्सिकोच्या बाबतीत मृत्यूचं कारण कुठे, कसं नोंदलं गेलं हाही प्रश्न येतो. ग्रीस आणि फिनलंडची गोष्ट मात्र कीज यांच्या सात देशांच्या पाहणीत उघडी पडली. क्रीट बेटावरचे पुरुष सिगारेटी ओढत होतेच, तरी हृदयविकाराने फारसे मरत नव्हते. पूर्व फिनलंडचे पुरुष त्या पाहणीत सर्वांत जास्त मरत होते. जपानमधले पुरुष तर भरपूर ओढूनही वाचलेले दिसत होते. हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी पुरुषांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा हे संरक्षण स्थलांतराबरोबर ओसरत गेलेलं आढळलं. म्हणजे ते रक्तात नव्हतं. जिथे कोलेस्टेरॉल मुळातच कमी, तिथे सिगारेट त्या थोड्या धोक्याला गुणते आणि उत्तर लहान येतं. जिथे ते आधीच चढलेलं, तिथे त्याच सिगारेटीने आकडा भयंकर होतो. सरळ रेषेला हा गुणाकार ठाऊक नसतो. सिगारेट सगळीकडे सारखीच भर घालते असं ती धरून चालते.

फिनलंडच्या पूर्वेकडच्या नॉर्थ कारेलिया प्रांतात १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या हाताखाली मोठा प्रकल्प सुरू झाला. लोणी कमी, मीठ कमी, रक्तदाबावर उपचार, सिगारेट बंद, आणि हे सगळं गावागावांतून, दूध संघांपासून महिला मंडळांपर्यंत सगळ्यांना हाताशी धरून. पुढच्या साडेतीन-चार दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयधमन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. नेमकं कशामुळे किती, याचा हिशेब नंतर मांडला गेला तेव्हा पुरुषांमध्ये सर्वांत मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरल्याचा निघाला, आणि त्याखालोखाल रक्तदाब उतरल्याचा व सिगारेट सुटल्याचा. १९६२ च्या सारणीत या तिघांपैकी एकालाच रकाना होता.